अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा: खर्चाचा हिशेब आणि आधीची तजवीज

आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा आम्हाला धास्ती होती ती हॉस्पिटलच्या बिलाची. ते बिल विम्यातून बरंचसं सुटलं. अकराव्या दिवशी तिला स्ट्रेचरवरून घरी आणलं, हॉलमधला दिवाण हलवून तिथे फाउलर बेड (हँडल फिरवून डोक्याकडची बाजू उचलता येणारा पलंग) लावला, आणि संध्याकाळी सेवेला बाया पुरवणाऱ्या ब्युरोच्या माणसाने फोनवर विचारलं, "ताई, बारा तासांची बाई पाठवू की चोवीस तासांची?" खरा खर्च तिथून सुरू झाला. तो साडेचार वर्षं चालला.

फ्रिजवर एक दोनशे पानी वही असायची. डाव्या पानावर आईचं बीपी, लघवी, किती डायपर बदलले. उजव्या पानावर पैसे. हा लेख त्या उजव्या पानांवरून लिहिते आहे. ज्यांचे आईवडील आज सत्तरीत आहेत आणि हातीपायी धड आहेत, त्यांनी तो आत्ता वाचावा. यातली निम्मी कामं माणूस अंथरुणाला खिळल्यावर होतच नाहीत.

हॉस्पिटलचा खर्च डोंगराएवढा दिसतो, पण त्याला डिस्चार्जची तारीख असते. सेवेच्या खर्चाला तारीख नसते. तो सहा महिने चालेल की आठ वर्षं, हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. म्हणून 'एकूण किती लागतील' हा प्रश्न बाजूला ठेवायचा आणि तीन प्रश्न धरायचे. दर महिन्याला किती लागतील? ते कुठून येतील? आणि ते बँकेतून काढायला सही कुणाची चालेल? तिसरा प्रश्न बहुतेक घरांत कुणी विचारतच नाही. आमच्याही घरात कुणी विचारला नव्हता.

विमा कुठे थांबतो

घरातली आरोग्य विम्याची पॉलिसी काढा आणि न मिळणाऱ्या खर्चांची यादी वाचा. विमा नियामकाने हे अपवाद सगळ्या कंपन्यांसाठी सारख्या शब्दांत ठरवून दिले आहेत. त्यातल्या ०५ क्रमांकाच्या अपवादात सुश्रूषा येते. अंघोळ घालणं, कपडे बदलणं, हिंडाफिरायला आधार देणं अशा रोजच्या मदतीचा खर्च, मग मदतीला नर्स असो की आया, घरी असो की संस्थेत, विमा देत नाही. डायपर, अंडरपॅड, हातमोजे यांचेही पैसे सहसा मिळत नाहीत.

दोन ठिकाणी मात्र पैसे सुटतात आणि लोक ते सोडून देतात. डिस्चार्जनंतरचे ६० किंवा ९० दिवस (पॉलिसीप्रमाणे) त्याच आजाराची औषधं, तपासण्या आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली फिजिओथेरपी यांचा खर्च मागता येतो. त्यासाठी डिस्चार्ज कार्डावर 'फिजिओथेरपी' हा शब्द लिहून घ्या आणि फिजिओकडून दर आठवड्याला सहीची पावती घ्या. दुसरं म्हणजे हॉस्पिटलात हलवता येत नाही म्हणून घरीच केलेले उपचार, ज्याला पॉलिसीत डोमिसिलिअरी म्हणतात. त्याच्या अटी कडक असतात, तरी विचारून ठेवा.

पॉलिसीच नसेल तर उशीर झाला असं समजू नका. २०२४ पासून नवी पॉलिसी घ्यायला ६५ वर्षांची जुनी अट राहिलेली नाही, आणि आधीपासूनच्या आजारांसाठीचा थांबण्याचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला आहे. जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी नियामकाकडे जावं लागतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. त्यात वर्षाला पाच लाखांपर्यंतचे हॉस्पिटलातले उपचार होतात. घरात दोघं सत्तरीपुढचे असतील तर ते पाच लाख दोघांत मिळून. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आता शिधापत्रिका असलेल्या सगळ्यांना खुली आहे. ही कार्डं आजच काढून ठेवा. पण यांतलं एकही कार्ड सेवेला ठेवलेल्या बाईचा, म्हणजे मावशींचा, पगार देणार नाही, हे पक्कं लक्षात असू द्या.

महिन्याचा हिशेब मांडा

आता वही उघडा. मी एक नमुना मांडते. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावचे तुम्ही भरा. तीन ब्युरोंना आणि एका औषधवाल्याला फोन केला की अर्ध्या तासात खरे आकडे हातात येतात.

समजा, दिवसा बारा तासांची बाई ठेवली, रात्र घरचे बघतात.

बाई, रोजचे ८०० रुपये: महिन्याला २४,०००
डायपर, दिवसाला चार, एक ४० रुपयांना: ४,८००
अंडरपॅड, वाइप्स, पावडर: ६००
औषधं: ४,०००
फिजिओ, महिन्यात बारा वेळा, ५०० रुपयांप्रमाणे: ६,०००
प्रोटीन पावडर, जादा दूध, फळं: २,५००
घरी येणारे डॉक्टर आणि रक्त तपासणी, सरासरी: १,५००

बेरीज ४३,४०० रुपये. यात घरखर्च नाही, वीजबिल नाही, आणि सुरुवातीला एकदाच होणारा खर्चही नाही. हा एकदाचा खर्च म्हणजे बेड, बेडसोर (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) होऊ नये म्हणून घालायची हवेची गादी, व्हीलचेअर, कमोड खुर्ची आणि बाथरूमचा उंबरा काढून बसवलेले दांडे.

समोर उत्पन्न लिहा. समजा पेन्शन २२,००० रुपये आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख. ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ३०,७५० रुपये, म्हणजे महिन्याला १०,२५० पडतात. एकूण ३२,२५०. तूट ११,१५० रुपयांची. हा आकडा पाहून सुटकेचा श्वास टाकू नका. खर्च दर वर्षी आठ टक्क्यांनी वाढला आणि उत्पन्न तेवढंच राहिलं, तर महिन्याची तूट दुसऱ्या वर्षी १४,६०० च्या पुढे, तिसऱ्या वर्षी १८,३०० च्या पुढे आणि पाचव्या वर्षी जवळपास २६,८०० होते. पाच वर्षांची मिळून तूट साधारण ११ लाख २० हजार. पेन्शनला महागाई भत्त्याची वाढ असेल तर ती कमी होईल. रात्रीचीही बाई ठेवावी लागली तर पहिल्याच महिन्यात हिशेब कोसळेल.

याच कागदावर दुसरा एक हिशेब मांडा: पेन्शन ज्यांची आहे तेच आधी गेले तर काय? कुटुंब निवृत्तिवेतन सर्वसाधारणपणे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असतं, पूर्ण पेन्शन ५० टक्के. म्हणजे नमुन्यातले २२,००० उतरून १३,२०० होतात. वडिलांच्या पेन्शनवर आईची सेवा चाललेली असेल, तर हा खड्डा आधी दिसलेला बरा.

शिवाय एक ओळ बहुतेक घरांत लिहिलीच जात नाही. मी पहिले चार महिने बिनपगारी रजा घेतली होती. तो पगार वहीत कुठेच नव्हता. दुसऱ्या वर्षी मी तो मागे जाऊन लिहिला. नोकरी सोडणारी सून, बदली नाकारणारा मुलगा, रात्री दर दोन तासांनी उठून कूस बदलणारी लेक, यांचा खर्च आकड्यात आला नाही तर 'घरच्या घरी होतंय, कशाला बाई?' असं म्हणणाऱ्यांना उत्तर देता येत नाही.

पैसा कुणाचा

याबाबत माझं मत पक्कं आहे: आईवडिलांचा पैसा आधी आईवडिलांवर खर्च व्हावा. आमच्या आईने आयुष्यभर ठेवी केल्या आणि 'त्या मोडू नका, नातवंडांच्या शिक्षणाला होतील' असं बजावून ठेवलं होतं. वर्षभर आम्ही त्यांना हात लावला नाही. फिजिओ आठवड्यातून तीनदाचे एकदा केले, स्वस्तातली बाई ठेवली, आणि पाठीला बेडसोर झाला. तो भरून यायला पाच महिने ड्रेसिंग लागलं. वाचवलेल्यापेक्षा जास्त पैसे तर गेलेच, आईचे हाल झाले ते वेगळेच. ते माझ्या मनातून अजून गेलेले नाहीत.

म्हणून मोठ्या माणसांशी त्यांच्या धडधाकटपणी बोला. 'तुमचा पैसा तुमच्यासाठीच वापरायचा, आम्हाला काही नको' हे मुलांनी स्वतःहून म्हटलं तर बोलणं सोपं होतं. पैशाचा विषय काढला की वारशावर डोळा आहे असं वाटतं, म्हणून मुलं गप्प बसतात आणि आईवडील मुलांना त्रास नको म्हणून गप्प बसतात. दिवाळीत सगळे जमतात, त्याच्या दुसऱ्या दिवशी हे बोलणं करा. सणाच्या दिवशी नको.

ठेवी कशा लावायच्या

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत माणशी ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. एप्रिल २०२३ मध्ये ही मर्यादा १५ लाखांवरून दुप्पट झाली आणि व्याजदर ८.२ टक्क्यांवर गेला. सरकार दर तिमाहीला नव्या खात्यांचा दर ठरवतं, पण खातं उघडताना मिळालेला दर पाच वर्षं तोच राहतो. एक काळजी घ्या. या खात्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत, अख्खं खातं बंद करावं लागतं. पहिल्याच वर्षात बंद केलं तर सगळं व्याज जातं, एक ते दोन वर्षांत बंद केलं तर मुद्दलातून दीड टक्का कापतात, आणि नंतर एक टक्का. म्हणून एकच मोठं खातं न काढता पाच-पाच लाखांची वेगवेगळी खाती काढा. गरज पडेल तेव्हा एकच मोडेल.

पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत एकट्याच्या नावावर नऊ लाख आणि संयुक्त नावावर पंधरा लाख ठेवता येतात. ७.४ टक्क्यांनी नऊ लाखांचे महिन्याला ५,५५० रुपये येतात. व्याज दरमहा मिळतं म्हणून बाईच्या पगाराशी त्याची सांगड चांगली बसते.

याशिवाय सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम साध्या बचत खात्यात किंवा केव्हाही मोडता येईल अशा ठेवीत हवी. हॉस्पिटलच्या अनामत रकमेपासून अचानक लागलेल्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरपर्यंत सगळं तिथून भागतं. शेअर बाजार वाईट असतो असं मी म्हणत नाही, पण पुढच्या तीन वर्षांत लागणारा मावशींचा पगार त्यात अडकवू नका.

सह्या: हे काम आधी करा

आईचं पेन्शन खातं तिच्या एकटीच्या नावावर होतं, सगळ्या ठेवीही. झटका उजव्या बाजूला आला होता. बँकेने सही जुळत नाही म्हणून स्लिप परत केली. तिच्या एटीएम कार्डाचा पिन मला माहीत होता म्हणून काही महिने निभावलं, पण ते नियमात बसत नाही, आणि कार्डाची मुदत संपली तेव्हा आम्ही उघडे पडलो. खात्यात आईचे पैसे, आणि आईच्या डायपरसाठी मी हातउसने घेत होते.

मग कळलं की रिझर्व्ह बँकेच्या सूचना यासाठी आहेतच. खातेदार आजारी आहे, सही करू शकत नाही, पण शुद्धीत आहे, तर त्याच्या अंगठ्याचा ठसा चालतो. बँकेला माहीत असलेले दोन स्वतंत्र साक्षीदार हवेत आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. अंगठाही उठत नसेल तर नुसती खूण चालते. पैसे कोण घेऊन जाणार तेही खातेदाराने त्या साक्षीदारांसमोर सांगायचं. शाखेत लेखी अर्ज दिल्यावर एक अधिकारी घरी आले. त्यांनी शाईचं पॅड पुढे केलं. आईने डावा अंगठा टेकवला आणि मान भिंतीकडे वळवली. ती चाळीस वर्षं शिक्षिका होती, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात तिने कितीतरी बायकांना स्वतःची सही करायला शिकवली होती.

तुमच्या घरी ही वेळ येऊ नये म्हणून या महिन्यात एवढं करा. पेन्शनचं खातं सोडून बाकीचं मुख्य बचत खातं 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असणारा' या पद्धतीने संयुक्त करा, आणि पेन्शन खात्यात जोडीदाराचं नाव घालता येतं का ते बँकेत विचारा. ठेवींवर मुदतीआधी मोडण्याच्या सूचना कुणाच्या सहीने चालतील ते लिहून घ्या, कारण संयुक्त ठेव मुदतीआधी मोडायला बऱ्याचदा दोघांच्या सह्या मागतात. नामनिर्देशन तपासा, १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नावं देता येतात. मात्र नॉमिनीचा अधिकार खातेदार गेल्यावर सुरू होतो. तो अंथरुणावर असताना नॉमिनीला एक रुपयाही काढता येत नाही, आणि याच ठिकाणी सर्वांत जास्त लोक फसतात.

मुखत्यारपत्राबद्दलही असाच गैरसमज आहे. मुखत्यारपत्र करून दिलं की काळजी मिटली असं वाटतं. आपल्या कायद्यात मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते संपतं. काही देशांत समज गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र असतं, तशी सोय आपल्याकडे नाही. परदेशातल्या भावंडांना हे सांगून ठेवा, ते तिकडच्या अनुभवावरून 'पॉवर ऑफ अटर्नी करून टाका' म्हणतात. माणूस डिमेन्शियाने समजेपलीकडे गेला किंवा कोमात गेला, तर घरच्यांना उच्च न्यायालयात जाऊन पालक म्हणून नेमणूक मागावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाने अशा नेमणुका केल्या आहेत, पण त्यात वेळ जातो, वकिलाचे पैसे जातात, आणि तोवर बाईचा पगार थांबत नाही. विसरभोळेपणाचं निदान ज्या आठवड्यात होईल, त्याच आठवड्यात खाती संयुक्त करा. सहा महिन्यांनी बँकेतला अधिकारी दोन प्रश्न विचारेल आणि उत्तरं येणार नाहीत.

याच फेरीत मृत्युपत्र करा. त्याला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. तरी डॉक्टरांचं 'पूर्ण शुद्धीत आहेत' असं पत्र जोडलं तर नंतर भांडण कमी होतं. कृत्रिम उपायांनी जीव किती ताणायचा याची इच्छाही लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली त्याला मान्यता दिली आणि २०२३ च्या जानेवारीत पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्ष पुरते. व्हेंटिलेटरचा निर्णय रात्री दोन वाजता भावंडांवर टाकण्यापेक्षा हे बरं.

घर आहे, पण हातात पैसा नाही

महाराष्ट्रात राहतं घर मुलाला, मुलीला किंवा नातवंडांना बक्षीसपत्राने द्यायचं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. यामुळे पुष्कळ आईवडील जिवंतपणीच घर नावावर करून देतात. घाई करू नका. घर हीच तुमच्या सेवेची शेवटची गंगाजळी आहे. द्यायचंच असेल तर मृत्युपत्राने द्या. बक्षीसपत्रच करायचं ठरलं तर त्यात 'माझी देखभाल करण्याच्या अटीवर' हे स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे अट मोडली तर तो व्यवहार रद्द करून मागता येतो, आणि अट कागदावर असेल तर दावा भक्कम होतो. याच कायद्याने मुलांकडून महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्चही मागता येतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात करायचा असतो.

घरातून पैसे काढायचा एक मार्ग म्हणजे रिव्हर्स मॉर्गेज. साठीपुढचा मालक स्वतःचं राहतं घर बँकेकडे गहाण ठेवतो आणि बँक त्याला वीस वर्षांपर्यंत ठरावीक रक्कम देत राहते. घर सोडावं लागत नाही, हप्ता भरावा लागत नाही, येणाऱ्या रकमेवर कर नाही. नवरा-बायको दोघंही गेल्यावर वारसांनी कर्ज फेडून घर सोडवायचं किंवा बँकेने विकायचं. अनेक शाखांतल्या कर्मचाऱ्यांनाही ही योजना नीट माहीत नसते, आणि सोसायटीच्या कागदपत्रांत खोट असली की काम अडतं. तरी मुलं परदेशी आणि हातात पेन्शन नाही अशा जोडप्यांनी ती जरूर विचारावी. मोठा फ्लॅट विकून लिफ्ट असलेल्या इमारतीत लहान घर घेणं बऱ्याचदा त्याहून सोपं पडतं. दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसेल, तर तपासणीला नेताना प्रत्येक वेळी खुर्चीवरून उचलायला चार माणसं लागतात. हा खर्चही वहीत येतो.

मावशी आणि ब्युरो

आया आणि नर्स यांत फरक करा, दरातही फार फरक असतो. अंघोळ, डायपर, भरवणं, कूस बदलणं हे आया करते. सक्शन (घशातला कफ यंत्राने ओढून काढणं), इंजेक्शन, जखमेचं ड्रेसिंग यांना प्रशिक्षित नर्स लागते. राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात घातलेल्या नळीतून) भरवायला बाई तयार आहे का, पुरुष रुग्णाचं डायपर बदलेल का, हे पहिल्याच फोनवर विचारा. ब्युरोला ठरवण्याचे पैसे किती, बाई सोडून गेली तर बदली किती दिवसांत, बदलीचे पुन्हा पैसे घेणार का, हे लिहून घ्या. व्हॉट्सॲपवर लिहिलेलं चालतं. आधार कार्डाची प्रत आणि फोटो ठेवा, पोलिसांकडे नोंद करा, पगार खात्यावर द्या.

वर्षाचे बारा महिने मोजू नका, तेरा मोजा. गणपती, दिवाळी, गावची जत्रा, लेकीचं बाळंतपण, या सगळ्यांना मावशी जाणार आणि तो त्यांचा हक्क आहे. त्या दिवसांची बदली बाई महाग पडते. आठवड्याची सुट्टी आणि दिवाळीचा बोनस धरूनच पगार ठरवा. आमच्याकडच्या मावशी तीन वर्षं टिकल्या. पगार पाच तारखेच्या आत, त्यांचं जेवण आमच्याच पंगतीला आणि दुपारी दोन तास निवांत पाठ टेकायला जागा, एवढंच आम्ही पाळलं. दर तीन महिन्यांनी नवी बाई येणं हे आईच्या जिवालाही महाग पडलं असतं आणि खिशालाही.

साहित्य विकत घेण्याआधी गावात रुग्णोपयोगी साहित्य केंद्र आहे का ते पाहा. महाराष्ट्रात कितीतरी संस्था आणि मंडळं बेड, वॉकर, व्हीलचेअर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर अनामत घेऊन नाममात्र भाड्याने देतात. हवेची गादी मात्र शक्यतो नवी घ्या. पंप बंद पडलेली जुनी गादी असून नसल्यासारखीच.

संस्थेत ठेवायचं ठरलं तर

यात पाप नाही. रात्रीची जागरणं आणि नोकरी दोन्ही झेपत नसेल तर चांगल्या सुश्रूषा केंद्रात माणूस जास्त नीट राहतो. संस्था बघायला संध्याकाळी जेवणाच्या वेळी जा. सकाळी अकराला सगळं स्वच्छ असतं. रुग्णाला घाईघाईने कोंबून भरवतात की धीराने, खोलीत लघवीचा वास आहे का, रात्री किती माणसांमागे एक बाई, हे स्वतः बघा. अनामत रक्कम परत किती आणि केव्हा मिळते, डायपर व औषधं महिन्याच्या रकमेत धरली आहेत का, परावलंबित्व वाढलं की दर किती वाढणार, रात्री हॉस्पिटलात न्यायचं तर सोबत कोण जाणार, हे करारात हवं. साधा वृद्धाश्रम बहुधा हातीपायी धड माणसालाच घेतो, माणूस अंथरुणाला खिळला की परत न्यायला सांगतो. प्रवेशाआधी हे विचारा.

कर आणि सरकारी मदत

करसवलती जुन्या करप्रणालीतच मिळतात. पुढचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात ते बदलले, म्हणून सल्लागाराला सवलतीचं नाव सांगून विचारा. ज्येष्ठ आईवडिलांच्या विम्याच्या हप्त्यावर, आणि विमा नसेल तर त्यांच्या औषधोपचारावर, ५०,००० पर्यंत वजावट (८०डी). पार्किन्सन, डिमेन्शिया, कर्करोग अशा ठरावीक आजारांवरच्या खर्चासाठी ज्येष्ठांच्या बाबतीत एक लाखापर्यंत (८०डीडीबी). तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी लागते. अवलंबून असलेल्या पालकाला ४० टक्के अपंगत्व असेल तर ७५,००० आणि ८० टक्के असेल तर सव्वा लाख (८०डीडी), प्रत्यक्ष खर्च कितीही असो. अर्धांगवायूनंतर यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढायला लोक संकोचतात. काढा, त्याच्याशिवाय ही शेवटची वजावट मिळणं कठीण.

उत्पन्न अगदी कमी असेल तर महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये आहेत. पासष्टीची आणि उत्पन्नाची अट आहे, अर्ज तहसील कार्यालयात. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. कुठे जायचं तेच कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ वर फोन करा. केंद्र सरकारच्या पेन्शनधारकांना ८० व्या वर्षापासून २० टक्के जादा पेन्शन मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०. जन्मतारखेची नोंद चुकलेली असेल तर ती आताच दुरुस्त करा. हयातीचा दाखला नोव्हेंबरात, ऐंशी पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो, आणि तो मोबाइलवर चेहरा दाखवून किंवा पोस्टमनला घरी बोलावूनही होतो.

भावंडांचं गणित

माझा भाऊ कॅनडात आहे. पहिल्या वर्षी मी खर्च करायची, मग त्याला आकडा कळवायची, मग तो पाठवायचा. प्रत्येक वेळी मला मागितल्यासारखं वाटायचं आणि त्याला हिशेब दिल्यासारखं. भांड्याला भांडं लागायला वेळ लागला नाही. नंतर आम्ही एक वेगळं खातं उघडलं. आईची पेन्शन पुरत नाही तेवढी तूट तो दर महिन्याच्या एक तारखेला न विचारता भरायचा, आणि महिनाअखेर मी वहीच्या उजव्या पानाचा फोटो पाठवायची. जो सेवा करतो त्याच्यावर पैसे मागायची वेळ येऊ देऊ नका. दूर असलेल्याने वर्षातून तीन आठवडे येऊन राहावं आणि जवळच्याला घराबाहेर पाठवावं. तेही वाटपात लिहा.

शेवटचा हिशेब

हे कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. माणूस गेल्यावर त्याच आठवड्यात पेन्शनच्या बँकेला कळवा, नंतर जमा झालेली पेन्शन परत द्यावी लागते. मावशींचा पूर्ण पगार लगेच द्या आणि वर थोडं जास्त द्या, कारण त्या दिवशी त्यांचंही काम गेलेलं असतं. उरलेली डायपरची बंद पाकिटं साहित्य केंद्रं आनंदाने घेतात, औषधवालाही न फोडलेली औषधं बऱ्याचदा परत घेतो.

तेराव्यानंतर मी आणि मावशी फाउलर बेड परत द्यायला गेलो. केंद्रातल्या काकांनी अनामतीची पावती मागितली. ती वहीच्या मागच्या कव्हरला स्टेपल केलेली होती, साडेचार वर्षांपूर्वीच्या तारखेची. त्यांनी पैसे मोजून दिले, बेडच्या हँडलला तेल घातलं आणि बाहेर थांबलेल्या माणसाला विचारलं, "कितव्या मजल्यावर न्यायचाय?"